सावित्री म्हणू नका, सोबतीला या

नवऱ्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्याला गेला की त्याच्या बायकोला तीन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. पहिले, "सावित्री आहेस गं बाई तू!" दुसरे, "तूच खचलीस तर त्यानं कुणाकडं बघायचं?" आणि तिसरे, "काही लागलं तर सांग हं." ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. ती मोसंबी घेऊन येतात, डोळे पुसतात, चहा पिऊन जातात. तो चहा तिनेच केलेला असतो. पण या वाक्यांचा अर्थ लावला तर काय हाती येते? पहिल्या वाक्याने तिचे काम उचलून देवघरात ठेवले. दुसऱ्याने तिला रडायचीही बंदी केली. तिसऱ्याने मदत मागायचे कामसुद्धा तिच्याच अंगावर टाकले. तिन्ही वाक्यांनी मिळून तिला एकटे पाडले, आणि तेही तिची पूजा बांधून!

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराचे राजकारण आपण मांडले. मूल कुणी सांभाळायचे, पाणी कुणी भरायचे, धुणीभांडी कुणी करायची यावर शिबिरे घेतली, पथनाट्ये केली. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाचे हगणेमुतणे कुणी काढायचे, हा प्रश्न मात्र अजून आपल्या विषयपत्रिकेवर आलेला नाही. तो आपण दुःखाच्या खात्यात टाकतो, आणि दुःख हे ज्याचे त्याचे खाजगी असे मानतो. या लेखात एवढेच म्हणायचे आहे, की बऱ्या न होणाऱ्या आजारात नवऱ्याची शुश्रूषा करणे हे काम आहे, श्रम आहेत. ते वाटून घेता येतात, म्हणून वाटले गेलेच पाहिजेत. त्यात सोबत मिळणे हा बाईचा हक्क आहे. तो तिला मिळवून देणे हे आपल्यासारख्या गटांचे काम आहे.

काम कोणते, किती

आधी काम काय असते ते नीट बघू. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर फार. तंबाखू, गुटखा, मावा, बिडी. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. विकणाऱ्याने पैसे केले, खाणाऱ्याने खाल्ले, निस्तरायला बायको.

तोंड उघडत नाही म्हणून नाकातून नळी घातलेली. दर दोन-तीन तासांनी दूध, पातळ पेज, वरणाचे पाणी गाळून नळीतून भरवायचे, नंतर पाणी सोडून नळी धुवायची. गळ्याला भोक पाडलेले असेल तर तिथली नळी काढून साफ करायची, नाही तर त्याचा श्वास कोंडतो. गालाला जखम फुटलेली असते, तिला वास येतो, कधी अळ्या पडतात. ते ड्रेसिंग करायचे. माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. भांडे द्यायचे, पुसायचे, चादरी धुवायच्या. औषधांच्या वेळा सांभाळायच्या. वेदनेने तो ओरडतो, चिडतो, पेला फेकतो, ते झेलायचे. हे सगळे करून पोरांचे डबे, सासूचे पथ्यपाणी, आणि हातावर पोट असेल तर चार घरची धुणीभांडी किंवा शेतावरची मजुरीही.

रुग्णालयात हेच काम तीन पाळ्यांत तीन नर्स करतात. त्यांच्या हाताखाली आया असते, वॉर्डबॉय असतो. त्यांनी त्याचे शिक्षण घेतलेले असते. घरी तिन्ही पाळ्या एकटी बाई करते. तिला कुणी शिकवलेले नसते. डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत पाच मिनिटे दाखवतात, "असं करा, जमेल तुम्हाला." न जमून सांगते कुणाला?

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने याचे ढोबळ माप दिले आहे. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या बाईचे त्यात रोजचे सरासरी १४० मिनिटे जातात, पुरुषाचे ७४. यात मुलांचे करणेही आले. पण ज्या घरात शेवटच्या टप्प्याचा रुग्ण आहे तिथे मिनिटे मोजायची सोयच नाही, तिथे अख्खी रात्र मोजावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या अशाच सर्वेक्षणाचे आकडे पुढे ठेवून सांगितले, की गृहिणीच्या कामालाही आर्थिक मोल आहे आणि ते धरलेच पाहिजे. चांगले झाले. पण त्या खटल्यातली गृहिणी अपघातात गेलेली होती. जिवंत बाईच्या कामाचे मोल कोणत्या कोर्टात मागायचे?

उलटे करून पाहा

"नवराबायकोनं एकमेकांचं नाही करायचं तर कुणी करायचं?" असा प्रश्न येतो. बरोबर आहे. मग उलटे करून पाहा. भारतात बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर सर्वांत जास्त, त्याखालोखाल गर्भाशयाच्या तोंडाचा. बायका आजारी पडत नाहीत असे नाही. कॅन्सरच्या कोणत्याही रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात जाऊन खाटेशेजारी कोण बसले आहे ते पाहा. आई, बहीण, मुलगी, कधी जाऊ, कधी शेजारीण. पुरुषांच्या वॉर्डात जा. तिथे बायको. म्हणजे खाटेवर कुणीही असो, खाटेखाली चटई टाकून झोपलेली बहुतेक वेळा बाईच. मनापासून बायकोचे करणारे पुरुष आहेत, ते आपण पाहिलेही आहेत. अशा पुरुषाची गावभर वाहवा होते, हातात डबा घेऊन चार घरच्या बायका धावतात, "पुरुषमाणूस असून करतो हो बिचारा" म्हणतात. ज्या कामासाठी पुरुषाला शाबासकी आणि डबा मिळतो, त्याच कामासाठी बाईला 'कर्तव्य' मिळते. हा फरक निसर्गाने केलेला नाही.

त्याची वेदना आणि तिची रात्र

आता वेदनेबद्दल बोलू, कारण बायकोचे अर्धे हाल तिथे आहेत. कॅन्सरची वेदना बहुतेक रुग्णांत आटोक्यात आणता येते. त्यासाठी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, आणि त्या महाग नाहीत. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळ लावून ठरल्या वेळी द्यायच्या असतात. बद्धकोष्ठ होतो म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यायचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो ही भीती निराधार आहे. जखमेचा वासही मेट्रोनिडाझोलसारख्या साध्या औषधाने बराच कमी होतो.

मग तालुक्याच्या गावात माणूस रात्रभर का ओरडतो? कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा करताना गर्दुल्ल्यांचा विचार झाला, रुग्णांचा झाला नाही. परवान्यांच्या इतक्या अटी आल्या, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायदा बदलला, अटी सुटसुटीत झाल्या. पण कायदा बदलला तरी डॉक्टरांची भीती आणि यंत्रणेचा आळस तसाच राहिला. लाखो रुपयांची केमोथेरपी मिळते आणि स्वस्त गोळी मिळत नाही, असे हे उफराटे आहे.

त्याच्या वेदनेचा हिशेब डॉक्टरांच्या कागदावर होतो. ती वेदना रात्री दोन वाजता ऐकणारी जी बाई आहे, तिचा हिशेब कुठेच होत नाही. "अहो, काहीतरी द्या यांना" म्हणून ती जिल्ह्याच्या गावापर्यंत एस्टीने जाते, आणि "आता घरीच न्या, आमच्या हातात काही नाही" हे ऐकून परत येते. 'आमच्या हातात काही नाही' हे खोटे आहे. रोग बरा करणे हातात नसेल, वेदना कमी करणे हातात असते. या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बरे होणार नाही हे कळल्यावरही वेदना, दम, जखमा, भीती यांवर उपचार करायचे आणि घरच्यांनाही आधार द्यायचा, हे तिचे काम. घरचे म्हणजे बहुतेक वेळा बायको. म्हणून मॉर्फिनची गोळी हा स्त्रियांचा प्रश्न आहे, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

तिला न सांगता तिच्याकडून करून घेणे

दुसरा अन्याय माहितीचा. डॉक्टर केबिनमध्ये बोलावतात ते दिराला, मेहुण्याला, नाही तर थोरल्या मुलाला. "बाईमाणसाला सांगू नका, धीर सुटेल." म्हणजे तिने नळी साफ करायची, जखम धुवायची, पण आजार कुठवर आला आहे ते तिला कळता कामा नये! त्याची किंमत तिलाच भरावी लागते. बरे होण्याची आशा नसलेल्या उपचारापायी अंगावरचे दागिने जातात, जमीन गहाण पडते, भोंदू बाबा हजारोंनी उकळतो. तो गेला की कर्ज तिच्या नावाने उभे राहते.

आपल्या गटातल्या प्रत्येक बाईने तीन प्रश्न पाठ करून ठेवावेत आणि डॉक्टरांना सरळ विचारावेत. या उपचाराने आजार बरा होईल का? होणार नसेल तर किती दिवस वाढतील, आणि ते दिवस कसे जातील? हा उपचार घेतला नाही तर त्रास कमी करण्यासाठी तुम्ही काय कराल? हे विचारणारी बाई नवऱ्याच्या मरणावर टपलेली नसते. ती घर चालवणारी असते.

खरे कळण्याचा हक्क नवऱ्यालाही आहे. त्याचे शरीर, त्याचा निर्णय. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि नको ते उपचार आधीच लेखी नाकारून ठेवता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असा कागद करता येतो. नवऱ्याने तो केला तर शेवटच्या क्षणी "व्हेंटिलेटर लावू की नको?" या प्रश्नाचे ओझे बायकोच्या डोक्यावर पडत नाही. आणि "तिनंच नको म्हटलं" असे जन्मभर ऐकावेही लागत नाही.

कागदांचेही तसेच. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नाव असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा असतो. घर कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती, विम्याचा हप्ता भरला का, प्रॉव्हिडंट फंडात वारस कोण लावला आहे, हे तो शुद्धीवर असतानाच बघायला हवे. पण बाईने कागद काढला की "अजून जीव आहे त्याच्यात आणि हिला इस्टेट सुचतेय" असे म्हणायला तोंडे तयार असतात. तीच तोंडे तेराव्यानंतर सातबारा घेऊन बसतात. म्हणून हे काम तिच्या वतीने गटाने करावे. चार बायका मिळून तलाठ्याकडे गेल्या की कुणाची बोलायची छाती होत नाही.

आणि तो मारणारा असेल तर?

आता एक अवघड गोष्ट, जी सहानुभूतीच्या गडबडीत कुणी बोलत नाही. अशी बाई आपल्या प्रत्येक केंद्राला माहीत आहे. वीस वर्षे मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, दुसरीचे नाव ऐकून घेतले. आता तोच माणूस अंथरुणात आहे, आणि सगळे सांगतात, "झालं गेलं विसर. शेवटचं पुण्य पदरात पाड." आयुष्यभर ज्या हाताने मारले तो हात धरून त्याला बसते करायचे, भरवायचे, आणि वर चेहऱ्यावर माया ठेवायची. आजारी माणूस हिंसा करत नाही असेही नाही. खाटेवरून शिव्या देता येतात, पैसे अडवता येतात, मुलांना आईविरुद्ध भरता येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नवरा आजारी पडला म्हणून संपत नाही.

या बाईला आपण काय सांगायचे? माझे म्हणणे स्पष्ट आहे. तिने करावे की न करावे हे तिने ठरवायचे. 'मी करणार नाही' म्हणाली तर ती पापी नाही. 'मी करते' म्हणाली तर ती गुलाम नाही. माणुसकीने करीत असेल, मुलांसाठी करीत असेल, जुन्या एखाद्या चांगल्या दिवसाच्या आठवणीने करीत असेल. पण आज तिला हे ठरवताच येत नाही, कारण तिच्या जागी दुसरे कुणी नाही. दवाखाना घेत नाही, दीर घेत नाही, सरकारची खाट नाही. जिथे दुसरी वाट नाही तिथे प्रेमाची आणि त्यागाची भाषा हे ढोंग आहे. नवरा गेल्यावर तिला सुटल्यासारखे वाटले, तर त्याचीही लाज वाटून घ्यायचे कारण नाही. चांगल्या नवऱ्याच्या बायकोलासुद्धा कधीकधी 'सुटला बिचारा, सुटले मीही' असे वाटते. ते थकव्याचे बोल असतात, त्यांचा न्यायनिवाडा कुणी करू नये.

गेल्यावर काय होते ते आपण जाणतोच. काल सावित्री म्हणणारे आज 'पांढऱ्या पायाची' म्हणायला कमी करत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. गावोगावी तो ठराव व्हावाच. पण ग्रामपंचायतीने नवरा जिवंत असतानाच्या त्या सहा महिन्यांचाही ठराव करावा, की या घरात सोबतीला कोण जाणार?

सोबत कुठे आहे

काहीच नाही असे नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. शेवटच्या टप्प्याच्या कॅन्सर रुग्णांसाठी देशात निघालेले ते पहिले शुश्रूषागृह. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. तिथे रुग्णाचे पैसे घेत नाहीत, आणि घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवतात. परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तिथे देशभरातून येणाऱ्यांपैकी अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. तिथेही जागा मिळाली नाही तर फूटपाथ. फूटपाथवर रुग्णाला सावली शोधता येते, पण त्याच्या बायकोने अंघोळ कुठे करायची, पाळीचे कपडे कुठे बदलायचे, रात्री कुणाच्या भरवशावर झोपायचे?

रेल्वेत उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्यालाही तिकिटात मोठी सवलत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून त्याचा दाखला मागून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयातले उपचार होतात, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. पण योजना उपचाराचे पैसे देते. बायकोची बुडालेली मजुरी, एस्टीचे भाडे, डायपर, दूध यांचे काय? संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराच्या रुग्णांनाही अनुदान आहे, २०२३ पासून ते महिना दीड हजार झाले. पण उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१ हजार रुपयांवर ठेवलेली! वर्षाला २१ हजारांत ज्यांचे भागते असे घर सरकारने आम्हाला दाखवून द्यावे.

होऊ शकते कसे, ते केरळने दाखवले आहे. १९९३ साली कालिकतमध्ये थोड्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पुढे गावोगाव, वस्तीवस्तीत लोकांनी गट केले, आठवड्याचे काही तास दिले, वर्गणी काढली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण केले. आज तिथे पंचायतीची नर्स घरी येते, जखम बघते, नळी बदलते, बाईशी बोलते. आपल्याकडे केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. १९९४ मध्ये देशात पहिले महिला धोरण आणणाऱ्या महाराष्ट्राला हे जमू नये काय?

दोन सावित्री

कुणी म्हणेल, सगळेच हक्कात आणि पैशात मोजायचे काय? प्रेम म्हणून काही असते की नाही? असते ना! प्रेम असते म्हणूनच म्हणतो, की तिला झोप मिळू द्या. जी बाई तीन आठवडे सलग झोपलेली नाही, ती नवऱ्याशी दोन शब्द धड बोलू शकत नाही. सगळा वेळ चादरी बदलण्यात गेला तर हात हातात घेऊन बसायला वेळ राहतो कुठे? मदत आली म्हणजे प्रेम कमी होत नाही, त्याला जागा मिळते.

आणि सावित्रीचेच नाव घ्यायचे तर आपल्याकडे दोन सावित्री आहेत. वडाच्या सावित्रीची कथाही नीट आठवा. ती यमाशी वाद घालत गेली आणि एकेक वर मागून घेतला. वाद घालणारी ती बाई विसरून आपण फक्त दोरा गुंडाळणारी उचलली. दुसरी सावित्री आपली, सावित्रीबाई फुले. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी उपचार केले, मित्र आणि सत्यशोधक सोबतीला होते. डाव्या हाताने लिहायला शिकून जोतीरावांनी आपला ग्रंथ पुरा केला. १८९० मध्ये ते गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. म्हणजे आजारी नवऱ्याचे करणे त्यांना चुकले नव्हते. पण ते घर चार भिंतींत कोंडलेले नव्हते. आणि १८९७ च्या प्लेगात त्याच बाईने डॉक्टर मुलासह पुण्याजवळ दवाखाना चालवला, परक्यांच्या मुलांना उचलून आणले, आणि त्यातच आपला जीव दिला. शुश्रूषा ही घराबाहेरची, समाजाने करायची गोष्ट आहे हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला ही सावित्री हवी.

मागू काय, करू काय

सरकारकडे आपण मागू या:

१. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वेदनामुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग आणि तोंडाने घ्यायचे मॉर्फिन.

२. घरी जाऊन बघणारी पगारी नर्स. हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारायचे नाही. त्यांनी करायचे तर प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला हवा. एका बाईचे ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर देणे म्हणजे सोडवणूक नव्हे.

३. जिल्हा रुग्णालयात काही खाटा अशा, की जिथे रुग्णाला आठवडाभर ठेवून घरच्या बाईला विसावा देता येईल.

४. मूल जन्मते तेव्हा कायद्याने पगारी रजा आहे. माणूस मरत असताना त्याच्याजवळ बसायला अशी रजा नाही. ती हवी, बाईलाही आणि पुरुषालाही. असंघटित कामगारांना बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी.

५. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांजवळ सोबतच्या बायकांसाठी सुरक्षित निवारा आणि स्वच्छतागृहे.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर बचत गट, महिला मंडळ, वस्तीतली समिती यांनी एक साधी वही घालावी. वस्तीत असे घर कोणते, तिथे आठवड्याच्या कोणत्या दिवशी कोण बसणार. 'काही लागलं तर सांग' म्हणणे बंद. त्याऐवजी "मंगळवारी दोन ते पाच मी बसते, तू झोप" असे सांगायचे. कुणी डबा, कुणी मुलांचा अभ्यास, कुणी दवाखान्याचा फेरा. एकीने तलाठ्याचे आणि बँकेचे कागद बघायचे. वहीत पुरुषांची नावे असलीच पाहिजेत. त्याचे भाऊ, त्याचे कट्ट्यावरचे मित्र, युनियनवाले, भजनी मंडळी. उचलून कुशीवर वळवायला ताकद लागते, ती कुठे कमी आहे त्यांच्यात? आणि तो गेल्यावर तेराव्याला वही मिटू नका. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. तिसऱ्या महिन्यात दारात कुणी येत नाही. तेव्हा जा.

आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गटात अशी कोण आहे हे विचारा. सांगायला एखादी नक्की निघेल, कारण ती आजवर कुणी विचारले नाही म्हणून गप्प होती. ती बोलली की तिला शाबासकी देऊ नका, सावित्री म्हणू नका. वही काढा आणि वार विचारा.